विश्लेषण : ‘नीट’ हुकली म्हणून मायक्रोबायोलॉजी? वैशाखऱ्याच्या एका विहिरीने दिलेलं उत्तर

बारावीनंतर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी घ्यावी का? तीन-चार वर्षांत नेमकं काय शिकवतात? नोकरीचं काय? आणि मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यात या पदवीचा गावाला काय उपयोग? समजून घेऊ.

जूनमध्ये ‘नीट’चा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. “दादा, नाही जमलं. मायक्रोबायोलॉजीला ॲडमिशन घेऊ का?”

मी ऑफिसात होतो. समोर दोन बातम्या अपलोड व्हायच्या होत्या. मी म्हणालो, “मायक्रोबायोलॉजीला स्कोप नाही. बीसीए नाहीतर आयटी बघ.” एका मिनिटात फोन ठेवला.

‘स्कोप नाही’ हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलंय, तेही ‘स्कोप आहे’ असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणून. आज मी मोबाईलवर वाचल्या जाणाऱ्या बातम्या लिहितो. म्हणजे स्कोप या विषयावर सल्ला देण्याची माझी पात्रता तशी बेताचीच.

त्याच रविवारी मामाकडे गेलो. मामाचं घर वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावर. मुरबाड सोडून माळशेजच्या दिशेने निघालं की घाट चढायच्या आधी हे गाव लागतं. नाणेघाटाची वाट इथूनच जवळ सुरू होते, म्हणून शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांची गर्दी असते. नुकता पाऊस पडून गेला होता. मामाच्या शेतातली विहीर चांगली हातभर वर आली होती.

स्वयंपाकघरात फळीवर, चुलीच्या उबेला दोन छोट्या बाटल्या ठेवल्या होत्या. एकीतलं पाणी काळंकुट्ट, दुसरीतलं होतं तसंच. पाड्यावरच्या एका ताईंनी पाणी तपासणीचं प्रशिक्षण घेतलंय. त्यांच्याकडून बहिणीने या बाटल्या आणल्या होत्या. काळी झाली ती विहिरीच्या पाण्याची. मी विचारलं, “आणि ही दुसरी?”

“त्याच विहिरीचं, पण उकळलेलं. नाहीतर बाटलीच खराब आहे का पाणी, हे कसं कळणार?”

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बारावीच्या पुस्तकात कुठेतरी ‘कंट्रोल’ हा शब्द आला असेल, तेवढंच. मामा मात्र ठाम होता. “आमच्या बापजाद्यांनी हेच पाणी प्यायलं. आरशासारखं आहे बघ.” पाणी खरोखरच आरशासारखं होतं. मीही आल्या आल्या तांब्याभर प्यालो होतो.

परतताना एसटीत मी मायक्रोबायोलॉजीचा अभ्यासक्रम उघडून वाचायला घेतला. हा लेख तिथून सुरू झाला.

ती बाटली काळी का होते?

या तपासणीला ‘एचटूएस’ चाचणी म्हणतात. बाटलीत पोषकद्रव्यं आणि लोहाचं संयुग असतं. विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंबरोबर असे अनेक जिवाणू असतात जे वाढताना हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. हा वायू लोहाशी संयोग पावला की काळा साका तयार होतो. पाणी खुणेपर्यंत भरायचं, उबेला ठेवायचं आणि २४ ते ४८ तास थांबायचं. प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही.

ही पद्धत आपल्याकडची आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज देशातल्या खेड्यापाड्यांत ती वापरली जाते. ‘जलजीवन मिशन’मध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे, त्यांच्याकडच्या संचांत अशा बाटल्या असतात.

पण ही बाटली फक्त ‘शंका घ्या’ एवढंच सांगते. जमिनीतले काही निरुपद्रवी जिवाणूही हा वायू सोडतात. मग काळी बाटली म्हणजे नक्की काय? किती दूषित? कशाने? पुढे काय करायचं? या प्रश्नांची उत्तरं जिथे शिकवतात, त्या पदवीचं नाव मायक्रोबायोलॉजी.

पदवीत नेमकं काय शिकवतात?

मायक्रोबायोलॉजी म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. जिवाणू, विषाणू, बुरशी, यीस्ट, शैवाल, आदिजीव अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या सगळ्यांचा अभ्यास. पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवांची रचना, त्यांना वाढवणं, रंगवणं, मारणं. पुढे जीवरसायनशास्त्र, जनुकशास्त्र, प्रतिकारशक्तीशास्त्र, वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र, विषाणूशास्त्र, अन्न-दूध-पाणी-माती यांतले सूक्ष्मजीव आणि कारखान्यातलं किण्वन. शेवटच्या टप्प्यात थोडी संख्याशास्त्राची आणि संगणकाचीही ओळख.

अनेकांना वाटतं हा ‘रोगांचा’ विषय आहे. तसं नाही. मामीच्या घरातलं विरजण हा मायक्रोबायोलॉजीचा धडा आहे आणि नाचणीची आंबीलही. भात कापल्यावर आपल्याकडे शेतात वाल-हरभरा टाकतात. त्याचं रोप अलगद उपटून मुळं धुऊन बघा. बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर तिथे रायझोबियम हे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देण्याचं काम करताहेत. खताच्या दुकानात ‘रायझोबियम’चं पाकीट मिळतं, त्यात हेच जिवाणू असतात.

जिवाणू वाढवायला प्रयोगशाळेत जे आगर वापरतात, ते आपल्या घरात ‘चायना ग्रास’ म्हणून येतं. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन उष्णतेने पातळ व्हायचं आणि प्रयोग फसायचे. तिथल्या वॉल्टर हेस यांची पत्नी फॅनी हेस यांना जॅम-जेली घट्ट करायचं आगर माहीत होतं. त्यांनी ते सुचवलं, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला. जगभरच्या प्रयोगशाळा आजही स्वयंपाकघरातल्या त्या युक्तीवर चालतात.

प्रॅक्टिकलला एवढं महत्त्व का?

कारण हा विषय पाठ करून येत नाही. ग्रॅम स्टेनिंगचं उदाहरण घ्या. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल, मग गुलाबी रंग. चारच पायऱ्या, मूळ पद्धत डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये सांगितलेली. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्रॅम निगेटिव्ह. परीक्षेत लिहायला पाच मिनिटं. पण अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं, तर जांभळे जिवाणूही गुलाबी दिसतात आणि सगळा निष्कर्ष उलटा होतो. किती सेकंद हे पुस्तकात वाचून कळत नाही, हाताला कळावं लागतं.

दुसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. त्यानंतर सुई ज्योतीत लाल करायची, बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, झाकण टेबलावर ठेवायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कर्मकांड वाटतं. ते कर्मकांड नाही, हे एका जुन्या घटनेवरून कळतं.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वाल्देमार हाफकिन यांना मुंबईत बोलावलं गेलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस टोचलेले. आधी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचं काम हातातून गेलं. पुढे लक्षात आलं ते असं, की गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९ माणसं मात्र परत आली नाहीत.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये जे शिकवतात, ते या एका चिमट्याबद्दल आहे. म्हणून ज्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल ‘एकाने करायचं, नऊ जणांनी उतरवायचं’ असं चालतं, तिथे पदवी मिळते, विषय मिळत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी तयार विकत घेतला होता. चांगले गुण मिळाले. त्या यंत्रात काय होतं हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही.

या अभ्यासाची खरी गरज कधी दिसते?

साथ आली की. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात अचानक गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. हातपाय लुळे पडणारा, काही रुग्णांना व्हेंटिलेटरवर नेणारा आजार. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. बोट गेलं दूषित पाण्याकडे.

आता हा जिवाणू नखरेल आहे. साध्या हवेत तो वाढत नाही, त्याला ऑक्सिजन कमी लागतो. नेहमीच्या ३७ ऐवजी ४२ अंशांवर तो चांगला वाढतो. ज्याला हे माहीत नाही तो नेहमीची प्लेट लावेल, काही उगवलं नाही म्हणेल आणि ‘नमुना स्वच्छ’ असा अहवाल देईल. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक असतो. तो शिकवणं हे मला या पदवीचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीने करोनाचा पहिला देशी तपासणी संच आणला. त्या चमूचं नेतृत्व मिनल दाखवे-भोसले या विषाणूतज्ज्ञ करत होत्या. त्या काळात आपण सगळे ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द शिकलो. पण रात्रंदिवस पीपीई किट घालून ते नमुने लावणारे हात कुणाचे होते? त्यांत मोठा वाटा मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी शिकलेल्या विशीतल्या मुलामुलींचा होता. ‘स्कोप नाही’ असं त्यांनाही कुणीतरी सांगितलेलंच असणार.

गावात या पदवीचं काय काम?

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. शहरात पोहोचण्याआधी ते गाळलं जातं, त्यात क्लोरीन टाकलं जातं, ठिकठिकाणचे नमुने महापालिकेच्या प्रयोगशाळेत तपासले जातात. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी कमी मिळतं यावर दरवर्षी बातम्या होतात, मीही केल्यात. पण मिळतं ते पाणी कसं आहे, यावर बातमी होते ती गॅस्ट्रोची साथ आल्यावरच.

व्यवस्था अगदीच नाही असं नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्यात टीसीएल पावडर टाकणं, ओटी चाचणीने क्लोरीन बघणं, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं ही त्याची कामं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं.

पण टीसीएल म्हणजे नुसती पांढरी पावडर नाही. पोतं उघडं राहिलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि मागे उरतो तो जवळजवळ चुना. पावडर टाकल्याचं समाधान मिळतं, जिवाणू मरत नाहीत. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. हे ‘का’ ज्याला समजलंय, तो पावडर वेगळ्या काळजीने टाकतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात सापडता कामा नये. तो आतड्यातला रहिवासी. तो पाण्यात सापडला म्हणजे मैल्याचा कुठेतरी पाण्याला स्पर्श झालाय. मैला आला म्हणजे कावीळ, टायफॉईड, कॉलऱ्याचीही वाट उघडली.

हे मोजायची पद्धत पदवीच्या अभ्यासक्रमात असते. पाण्याचे ठरावीक भाग लॅक्टोज असलेल्या नळ्यांत घालायचे. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी ठेवलेली असते. ३७ अंशांवर ठेवल्यावर जिवाणूंनी वायू सोडला तर त्या उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडे आले यावरून तक्त्यात बघून १०० मिलिलिटरमध्ये साधारण किती जिवाणू असावेत ते काढायचं. मग खात्रीसाठी वेगळ्या प्लेटवर वाढवायचे. ई. कोलाय असेल तर त्यावर हिरवट धातूसारखी चकाकी येते. पदवीच्या विद्यार्थ्याला हे दोन-तीन वेळा केल्यावर जमतं.

म्हणजे बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही मुलं दरवर्षी पाणी तपासायला शिकतात. बहुतेकदा ते पाणी कॉलेजच्याच नळाचं असतं. आणि ज्या गावांतून ती येतात, तिथल्या विहिरी वाट बघत असतात.

नोकरी मिळते का?

मिळते, पण खरं चित्र समजून घेऊनच यावं. औषध कंपन्या, दूध संघ, खाद्यपदार्थांचे कारखाने, बाटलीबंद पाणी, सौंदर्यप्रसाधनं, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं या सगळ्यांना सूक्ष्मजीव तपासणारी माणसं लागतात. ठाणे-रायगड-पालघर पट्ट्यात अंबरनाथ, तळोजा, तारापूर अशा औद्योगिक वसाहती आहेत. मुरबाडलाही एमआयडीसी आहे. तिथल्या गुणवत्ता विभागात बीएस्सी झालेल्यांना सुरुवात करता येते.

पण सुरुवातीचा पगार कमी असतो, शिफ्ट असते आणि काम बरंचसं तेच तेच असतं. संशोधन, अध्यापन किंवा बड्या पदांसाठी एमएस्सी लागतेच. त्यासाठी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा, सीयूईटी-पीजी, बायोटेक्नॉलॉजीकडे जायचं असेल तर आयआयटींची ‘जॅम’ आणि ‘गॅट-बी’ या वाटा आहेत. पुढे पीएचडीसाठी नेट.

एक गैरसमज खास सांगायला हवा. मायक्रोबायोलॉजी केली म्हणजे पॅथॉलॉजी लॅब उघडता येईल, असं अनेक पालकांना वाटतं. रुग्णाच्या तपासणी अहवालावर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करायचं असेल तरी डीएमएलटीसारखा वेगळा अभ्यासक्रम बघावा लागतो.

म्हणजे ‘नीट’ची भरपाई म्हणून ही पदवी घेतली तर पदरी निराशाच येईल. डॉक्टरकीला लागून असलेला, पण हा वेगळा रस्ता आहे. डॉक्टर समोरच्या रुग्णाकडे बघतो. मायक्रोबायोलॉजिस्ट बघतो की एकाच आळीतले सहा रुग्ण कुठलं पाणी पितात.

मुरबाड-शहापूरच्या मुलांची खरी अडचण कोणती?

बुद्धीची नाही, बसची. जिवाणू एसटीच्या वेळापत्रकाने वाढत नाहीत. आज दुपारी प्लेट लावली तर उद्या त्याच वेळी बघावी लागते. फ्रिजमध्ये ठेवून थोडी वेळ मारून नेता येते, नेहमी नाही. वैशाखऱ्याहून कल्याणच्या दिशेने कॉलेजला जायचं तर एका बाजूला दीड-दोन तास रस्त्यात जातात. मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे नाही. घाटात पावसाळ्यात दरड आली की गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. साडेपाचचं प्रॅक्टिकल संपवून थांबायचं की शेवटच्या गाडीसाठी चार वाजताच हात धुवायचे, हा प्रश्न शहरातल्या मुलीला पडत नाही.

दुसरी अडचण फीची. अनेक कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी विनाअनुदानित तत्त्वावर चालते. त्याच कॉलेजात अनुदानित रसायनशास्त्राची फी आणि या विषयाची फी यांत मोठा फरक असू शकतो. मुलींच्या फीमाफीची २०२४ ची घोषणा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी होती. बीएस्सी त्यात आपोआप येते असं धरून चालू नका. महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाच्या योजना प्रवेशाआधी तपासा, नंतर नाही.

तिसरी अडचण भाषेची. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलीसमोर पहिल्याच आठवड्यात लॅटिन नावांची रांग उभी राहते. पण ती नावं कॉन्व्हेंटमधल्या मुलीलाही नवीनच असतात. इथे सगळे एकाच रेषेवरून पळायला सुरुवात करतात, हे कुणीतरी या मुलांना सांगायला हवं.

मग काय करता येईल?

माझं मत साधं आहे. या पदवीतला समाजसहभाग आणि फिल्ड प्रोजेक्ट गावच्या पाण्याशी जोडा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीची रचना बदलली आहे. संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून आली. तीन वर्षांत पदवी, चार वर्षांत ऑनर्स. त्यात फिल्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग प्रकल्प आणि ऑन-जॉब ट्रेनिंग यांना क्रेडिट आहेत. अशा कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे ६० तास. हे तास कुठेतरी घालवायचेच आहेत. एक रॅली, चार पोस्टर आणि फाईलमध्ये फोटो असेही ते भरता येतात. विकत घेतलेल्या प्रोजेक्टचा मालक म्हणून मी हे खात्रीने सांगू शकतो.

त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या गावातले दहा स्रोत घ्यावेत. विहीर, बोअर, झरा, टाकी, नळ. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा नमुने घ्यावेत. निर्जंतुक बाटली, क्लोरीनचा परिणाम थांबवायला त्यात सोडियम थायोसल्फेट, बर्फाचा थर्माकोलचा डबा. नमुना शक्यतो सहा तासांत आणि काही झालं तरी २४ तासांत तपासायला लागायला हवा. सकाळच्या एसटीने निघालं तर वैशाखऱ्याचा नमुना कल्याणला वेळेत पोहोचतो. निकाल ग्रामपंचायतीला आणि जलसुरक्षकाला द्यायचा, जमलं तर ग्रामसभेत समजावून सांगायचा.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पहिला, विद्यार्थ्याचा अहवाल अधिकृत नाही. बरोबर. तो सरकारी प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. पण दहापैकी कुठले तीन स्रोत आधी सरकारी तपासणीला पाठवायचे, हे तो सांगू शकतो. दुसरा आक्षेप, कॉलेजकडे पैसे नाहीत. माध्यमं, रसायनं महाग आहेत हे खरं. पण पाणी तपासणीचं प्रॅक्टिकल कॉलेज करतच असतं. नमुना तेवढा बदलायचा आहे. जास्तीच्या खर्चासाठी जिल्हा परिषदेने चार पैसे दिले तर साथ आल्यावर लागणाऱ्या सलाइनपेक्षा ते स्वस्तच पडेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. गरीब घरातली मुलगी दोन तास प्रवास करून शिकायला येते, तिच्यावरच गाव सुधारायचं ओझं का? ओझं नकोच. ६० तास, त्याचे गुण आणि शिक्षकाची सोबत, एवढ्यापुरतंच. त्या बदल्यात तिच्या हाती असं काहीतरी येईल जे मुलाखतीत दाखवता येईल. ‘मी २० नमुने घेतले, इतके दूषित निघाले, माझे दोन प्रयोग फसले, ते का फसले ते हे.’ कंपनीतला माणूस टक्केवारीपेक्षा हे लक्ष देऊन ऐकेल.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला हे विचारा

• विषय अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित? तिन्ही वर्षांची एकूण फी किती, प्रयोगशाळा शुल्क धरून?
• प्रॅक्टिकलला एका बॅचमध्ये किती मुलं? प्रत्येकाला स्वतःची प्लेट लावायला मिळते का?
• मायक्रोस्कोप किती, त्यातले चालू किती? शक्य असेल तर प्रयोगशाळा बघून या.
• प्रॅक्टिकलच्या वेळा काय? शेवटची बस पकडता येईल का? वसतिगृह आहे का?
• मेजरबरोबर मायनर विषय कोणते मिळतात? रसायनशास्त्र मिळत असेल तर औषध कंपन्यांसाठी उपयोगी पडतं.
• फिल्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंग कुठे होतं? मागच्या वर्षीच्या मुलांनी काय केलं?
• शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोला. तिला विचारा, ‘स्वतः ग्रॅम स्टेनिंग किती वेळा केलंस?’ उत्तर ‘परीक्षेपुरतं’ असेल तर दुसरं कॉलेज बघा.

मामेबहिणीने प्रवेश घेतला. माझा सल्ला तिने ऐकला नाही, हे बरंच झालं. मी तिला फोन करून तसं सांगितलंही. ती म्हणाली, “दादा, तू निदान विहीर बघून बोलायचं होतंस.”

मामा अजून म्हणतो की पाणी आरशासारखं आहे. मामी मात्र आता पाणी उकळून, गाळून माठात भरते. ती काळी बाटली तिने फेकू दिली नव्हती. कुणी पाहुणा विहिरीवरून थेट तांब्या भरायला निघाला की ती फळीकडे बोट दाखवायची. शेवटी बहिणीनेच तिला समजावलं, की त्या बाटलीत आता त्यांची वसाहत झाली आहे, ती ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मगच टाकायची, मोरीत ओतायची नाही. पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यातला धडा होता तो. तो घरी पोहोचला.